चिन्नोरचं पोतं

गोंदिया
९ डिसेंबर २००१

ती. आत्याबाईस मंजूचा नमस्कार.

पत्र पाहून तू म्हणशील, मंडईच्या जत्रेला मी चार दिवस माहेरी होते तेव्हा ही पोरगी तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि आता गोंदियाहून लिहून राहिली. आत्या, तेव्हा मला काही कळलंच नव्हतं. बाबांनी माझ्या लग्नाचा महिना सांगितला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरली की घरात पंगतीवर पंगत उठते, आणि आलेला पाहुणा निघताना पोरीसोरींच्या हातात खाऊचे पैसे ठेवतो. मी पाच वर्षांची असल्यापासून ते घेत आले. तुझ्या गावच्या शामकलाबाईंनी मला कुंकू लावलं, ओढणीत नारळ टाकला, खण टाकला, वर शंभराची नोट ठेवली. मला वाटलं, आत्याच्या गावच्या आहेत म्हणून जरा जास्त माया करून राहिल्या. मी वाकून पाया पडले. मग बाबांनी पेढे वाटले, तेही मला मंडईचेच वाटले. एक पेढा मीही खाल्ला. आई असती तर तिने डोळ्यांनी खुणावलं असतं. पण तू तर माझ्या बाजूलाच उभी होतीस ना?

मी नाही म्हटलं तर बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पाहुण्याइच्या समोर ओटी घेतली आन् आता नाही म्हणते. मंग आपल्या भरवशावर शिक. माह्याकडून आता दमडी नाही." आमगावचं दुकान चालतं, धान पिकतं, बाबांना काही कमी नाही. मला तेवढं नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फीचा दुसरा हप्ता राहिला, खोलीचं भाडं राहिलं. तू शामकलाबाईंना खरं काय ते सांग आणि बाबांना समजाव. ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत.

तुझी,
मंजू

* * *

२१ डिसेंबर २००१

चि. मंजूले अंजनाआत्याचा आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. वाचलं तवापासून डोकं दुखून राहिलं. अवो पोट्टी, तू कालेजात शिकते का झोपा काढते? कुंकू, नारळ, खण, आन् समोर शामकलाचा प्रफुल्ल नवा शर्ट घालून बसलेला. एवढं दिसूनही तुले खाऊच वाटला?

मी बाजूले उभी होती, खरं हाय. मले वाटलं तुह्या बापानं तुले विचारलं असंल. त्याले वाटलं मी विचारलं असंल. बिनमायच्या पोरीचं असंच होते, ज्याले त्याले वाटते दुसऱ्यानं पाहिलं असंल.

शालीकराम माहा भाऊ, पन लहानपणापासून हेकट. मी बोलून पाहिलं, त्यानं फोन ठेवून देल्ला. आन् मले तर ह्याच गावात राहा लागते. शामकला आन् मी एकाच साली लग्न होऊन अठी आलो, नळावर रोज भेट होते. तिले काय सांगाचं ते मी माह्या रीतीनं सांगतो. तू मधात तोंड घालू नको.

पैसे माह्याजवळ नाहीत. घरात सारा व्यवहार माह्या मालकाच्या, तुह्या मामाजीच्या हाती, मले भाजीपुरतेच मोजून देतेत. पन तुहं पोट भरलं पाहिजे. आमच्या गावचा ईश्वरदास गोंदियाच्या यष्टीवर कंडक्टर हाय. त्याच्या संगं तांदूळ धाडतो. स्टँडवर जाऊन घेत जाय.

आन् जरा डोळे उघडे ठेवून फिरत जाय.

तुही आत्या,
अंजना

* * *

गोंदिया
१७ फेब्रुवारी २००२

ती. आत्याबाईस मंजूचा नमस्कार.

पोतं मिळालं. ईश्वरदासदादांनी ते बसच्या टपावरून उतरवलं आणि मला विचारलं, "उचलते का रिक्षा करतेस?" मी रिक्षा केली नाही. सायकलच्या कॅरियरवर बांधलं आणि सायकल ढकलत खोलीवर आणलं. अजून पाठ धरलेली आहे.

आत्या, तू तर दर वर्षी जाडा धान लावतेस, आणि हा तर बारीक, वासाचा चिन्नोर निघाला. शिजत घातला तर वास जिन्याखाली गेला. घरमालकीण वास घेत वर आली. म्हणाली, "कहां से मंगवाया? हमको भी दो." मग आमचं ठरलं, अर्धं पोतं तिला, भाड्यात वळतं. तू रागावू नकोस. पण त्या तांदळानेच माझी खोली वाचली. नाहीतर मी सामान बांधून ठेवलं होतं.

मला काम मिळालं. बाजारात साडीचं दुकान आहे, तिथे प्रॅक्टिकल आटोपून दुपारी जाते ते दुकान बंद होईपर्यंत. सेठानी गल्ल्यावर बसते. बाया पन्नास साड्या उलगडून एक घेऊन जातात, मागे उरलेल्यांच्या घड्या मी घालते. सारखं उभं राहायचं. सेठानी म्हणते, "बैठोगी तो ग्राहक समझेगा दुकान ठंडी है." काल केमिस्ट्रीच्या तासाला बसल्याबसल्या झोप लागली. सरांनी नुसतं खिडकीजवळ बसायला सांगितलं.

शामकलाबाईंना सांगितलंस ना? त्या काय म्हणाल्या?

तुझी,
मंजू

* * *

१२ मार्च २००२

चि. मंजूले आशीर्वाद.

अर्धं पोतं विकलं तर विकलं. तांदूळ पोटात गेला काय आन् भाड्यात गेला काय, कामी आला. चिन्नोर कोठून आला, जाडा काऊन नाही, असं विचारत बसू नको. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर सारंच पिकते. खाय.

शामकलाले सांगितलं. ती काही रागावली नाही. तुहीच विचारपूस करते. पोरगी दुबळी झाली का, कालेज किती सालाचं राहिलं, मास्तरीण होणार का, असं विचारते. मी म्हटलं, होईल. बाई मनानं मोठी हाय. तू तिची काळजी सोड आन् अभ्यास कर. पुढचं पोतं धानाच्या रोवणीच्या आधी येईल.

तुही आत्या,
अंजना

* * *

गोंदिया
८ सप्टेंबर २००२

ती. आत्याबाईस मंजूचा नमस्कार.

दुसरं वर्ष पास झाले, ते तुला ईश्वरदासदादांकडून कळलंच असेल. टक्के विचारू नकोस. तिसऱ्या वर्षाला नाव टाकलं. उन्हाळाभर दुकानात सकाळपासून उभी राहिले, त्यातून फीचा पहिला हप्ता निघाला. दुसऱ्या हप्त्याचं आणि परीक्षेच्या फॉर्मचं काय करायचं, ते अजून माहीत नाही. तुझ्या पोत्याने भाड्याचं तरी भागून राहिलं.

एक सांगायचं आहे. सांगू की नको, असं चार दिवस चाललं होतं. सोमवारी बाबा दुकानात आले. आमच्या दुकानात, साडीच्या. गोंदियाला माल घ्यायला आले असतील, सोबत कोणी बाई होती, तिला लुगडं घ्यायचं होतं. मी समोरच घड्या घालून राहिले होते. हातातली साडी मी खाली ठेवली. मला वाटलं, काहीतरी बोलतील. वाळली म्हणतील, नाहीतर शिवी तरी देतील. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जसं दुकानातल्या पोरीकडे पाहतात तसं, आणि त्या बाईला म्हणाले, "चाल, इथं महाग हाय." आणि गेले.

सेठानीने विचारलं, "पहचान के थे क्या?" मी नाही म्हटलं. मग मागे गोदामात जाऊन खूप रडले. आत्या, रागावलेला बाप मला समजतो. पण ते रागावलेले दिसत नव्हते. माझा हिशोब मिटवून मोकळे झालेले दिसत होते. असं काऊन झालं असेल, तुला काही माहीत आहे का?

मी लय थकले आहे. झोपून उठते तरी थकलेलीच असते.

तुझी,
मंजू

* * *

३१ ऑक्टोबर २००२

चि. मंजूले दिवाळीचा आशीर्वाद.

बापाचं मनावर घेऊ नको. तो असाच हाय. यंदा मंडईले गावी जाऊ नको, उगाच तमाशा होईल. दिवाळी खोलीवरच कर.

पोत्यात साडी ठेवली हाय, कागदात गुंडाळून. पाडव्याले नेस आन् नेसली का नाही ते मले लिहून कळव. विसरू नको, मले इथं सांगा लागते.

तुही आत्या,
अंजना

* * *

गोंदिया
१४ नोव्हेंबर २००२

आत्या,

साडी मिळाली. नेसली नाही.

वर्ष होत आलं, मी दिवसभर साड्याच उलगडते. ही साडी कितीची आहे, ते मला हात लावताच कळलं. तुला भाजीपुरतेच पैसे मोजून मिळतात, हे तूच लिहिलं होतंस. पदराच्या टोकाला हळदीचं बोट लावलेलं आहे. मी सेठानीला दाखवली. ती हसली, म्हणाली, "बता तो देती, तेरी सगाई हो गई है! ये ससुराल की पहली दिवाली की साड़ी है." दुकानातल्या बाकीच्या पोरींनी पेढे मागितले.

चिन्नोर तुझ्या शेतात होत नाही. तू कोणाला सांगणार आहेस, मी साडी नेसली म्हणून? मला आडवळणाने काही लिहू नकोस. तो तांदूळ कोणाचा आहे?

मंजू

* * *

२ डिसेंबर २००२

मंजू,

सरळ विचारलं, सरळ सांगतो. तांदूळ शामकलाचा. साडी बी तिनंच घेतली, गोंदियालेच जाऊन घेतली, तुह्या दुकानात नाही गेली एवढंच. मी तिले कधी सांगितलंच नाही का तू नाही म्हणते. मी म्हटलं, पोरगी शिकून राहिली, शिकणं होऊ द्या, मंग येईल. तिनं म्हटलं, होऊ द्या. आता ती आमची हाय, उपाशी कायले राहील? आन् पोतं माह्या अंगणात आणून टाकलं. दर खेपेस स्वतः निवडून देते. खडा म्हणून सापडला का तुले?

तुह्या बापालेही मी तेच सांगितलं, सोयरीक टिकून हाय म्हणून. मले वाटलं, त्याचा राग उतरंल आन् फी देईल. तो म्हणते, "मंग त्याइनंच पोसावं. आता ती त्याइच्या घरची." म्हणून तुले दुकानात पाहून तो तसा गेला. ही माही चूक झाली. बाकी माह्या मतानं मी काही चुकली नाही.

काय करणार होती मी? खरं सांगितलं असतं तर इथं माहं नाक कापलं असतं, आन् तठी तू सामान बांधून बापाच्या घरी जाती. मंग तांदूळही गेला असता आन् तुहं कालेजही. आता तू तिसऱ्या वर्षाले हाय. कशाच्या जोरावर हाय, ते पाय. प्रफुल्लसाठी दोन सोयरिका आल्या, शामकलानं वापस केल्या. पोरगा निर्व्यसनी हाय, बारावी शिकला, नहराच्या पाण्याची जमीन हाय. एवढं कायले चिडतेस? लग्नानंतरही मास्तरीण होता येते.

चिडू नको. परीक्षा होईपर्यंत गप राय. मंग पाहू.

अंजना

* * *

गोंदिया
२७ जानेवारी २००३

ती. आत्याबाईस.

काल सुट्टी होती, म्हणून तुझ्या गावी येऊन गेले. तू घरी होतीस. मला वळणावर पाहून तू दार लावून घेतलंस, ते मी पाहिलं. मी रागावले नाही. मला शामकलाबाईंच्या घरी जायचं होतं.

परीक्षा होईपर्यंत गप राहायचं, असं मीही ठरवून पाहिलं. डिसेंबरभर राहिले. पोत्यातला उरलेला तांदूळ समोर होता, शिजवला तर घास उतरेना, आणि न शिजवावा तर दुसरं काही नव्हतं. शेवटी तो सगळा घरमालकिणीला देऊन टाकला आणि तिच्या दोन्ही पोरांना गणित शिकवायचं कबूल केलं. भाड्याचं त्यात भागतं. जेवण एकदाच.

शामकलाबाई ओसरीत लाखोरीची पालेभाजी निवडून राहिल्या होत्या. मला पाहून त्यांना एवढा आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. म्हटलं, तुमचा तांदूळ मी वर्षभर खाल्ला. त्यातला अर्धा भाड्यात दिला, त्यावर शिकले. तो तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं, माहीत असतं तर घेतला नसता. मंडईत ओटी घेतली, तीही खाऊ समजून घेतली. मी लग्न करणार नाही. तुमच्या मुलात काही खोट नाही. मला विचारलंच नव्हतं कोणी, एवढंच आहे. साडी परत आणली ती तिथे ओट्यावर ठेवली.

त्यांनी साडीची घडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे अंजनानं मले बी फसवलं?" मी म्हटलं, आपल्या दोघींना. पण माझ्यासाठी केलं. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. तुझ्यावर तेव्हाही चीड होती.

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता घरच्यांना बोलावतील, गाव गोळा होईल. बाहेर प्रफुल्ल ट्रॅक्टरचं चाक खोलून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. हात पुसत दाराशी आले आणि विचारलं, "पेपर कवा हायेत?" मी म्हटलं, मार्चमध्ये. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा चाकाशी जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं, आत्या. त्या माणसाचं एक वर्ष मी न विचारता खाल्लं.

शामकलाबाई ताट घेऊन आल्या. भात, वरण, लाखोरीची भाजी. माझ्यासमोर ठेवलं आणि पाट सरकवला. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी बसले, पण हात पुढे जाईना. हसशील तू, पण मला भीती वाटून राहिली होती. नारळ घेतला तर सोयरीक झाली, तांदूळ घेतला तर सून झाले. आता या ताटातला घास घेतला तर काय होईल? कोणाला विचारायचं तेही कळेना. भाताची वाफ तोंडावर येत होती आणि मी हात मांडीत घट्ट धरून बसले होते.

"काऊन वो, खाऊन नाही राहिली?" त्यांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. त्या माझ्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "खाय वो माय. हे निस्तं जेवण हाय."

मी जेवले. दोनदा भात घेतला. त्या वाढत राहिल्या. आम्ही दोघीही एकमेकींकडे पाहत नव्हतो.

परीक्षेच्या फॉर्मसाठी सेठानीकडून उचल घेतली. लग्नसराईत रविवारीही दुकानात यायचं, या बोलीवर. आता कोणाचं काही येणार नाही, आणि मला बरं वाटून राहिलं, फक्त झोप पुरत नाही. तू दार लावलंस म्हणून पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
मंजू

* * *

२ मार्च २००३

चि. मंजूले आशीर्वाद.

दार लावलं होतं. तोंड दाखवाची हिंमत नव्हती. दोघींच्या मधात मी कुठं उभी राहणार होती?

तू गेल्यापासून शामकला माह्यासंगं बोलत नव्हती. नळावर मी गेली का ती घागर तशीच ठेवून निघून जाय. बाया पाहत राहत. तुह्या मामाजीनं सारं ऐकलं, आता तेही घुश्शात हायेत. तुह्या बापाले मी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यानं सारं ऐकून घेतलं आन् मंग फोन ठेवला. पैशाचं मात्र त्याच्याकडून काही समजू नको. तुले काही धाडाचं असंल तर आता मी आधी विचारून धाडतो.

परवा शामकला आपणहून आली. प्रफुल्लचं जमलं, सांगाले आली होती. देवरीकडची पोरगी हाय. ह्या खेपेस शामकला पोरीजवळ जाऊन बसली, हात धरला आन् चार माणसाइच्या समोर विचारलं, "पोरी, तुही मर्जी हाय का?" पोरगी हो म्हणाली तवाच कुंकू लावलं. तिकडचे पाहुणे हसत होते म्हणे, असं कोणी विचारते का म्हणून.

मी चहा ठेवला. ती बसली. जाताना उठली, दारापाशी गेली आन् तिथंच थांबली. म्हणाली, "अंजना, तुही भाची त्या दिवशी उपाशी होती. ताटावर बसली होती, डोळे भातावर होते, पन हात लावत नव्हती. तवाच मले समजलं का ही काही आपल्या घरात येत नाही." मंग डोळ्याले पदर लावला आन् म्हणाली, "आन् तवाच वाटलं, मले हीच पाहिजे होती."

मी घागर घेतली आन् तिच्यासंगं नळापर्यंत गेली.

तू पेपर दे.

तुही आत्या,
अंजना